नाव झाकून लिहिलेली गोष्ट

मराठी सारस्वताला टोपणनावांचे वावडे कधीच नव्हते. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, कुसुमाग्रज ही नावे धारण करणाऱ्यांच्या अंगाला अशी काही चिकटली की, त्यांची पाळण्यातली नावे सांगताना शाळेतल्या मास्तरांनाही क्षणभर थांबावे लागते. टोपणनाव घ्यायचे ते गाजवण्यासाठी, असाच आपल्याकडचा रिवाज. पण एका गृहस्थांनी टोपणनाव घेतले ते एका गोष्टीपुरते आणि काम होताच टाकूनही दिले. ते गाजावे ही त्यांची इच्छाच नव्हती. उलट स्वतःचे गाजलेले नाव काही दिवस कोणाच्या दृष्टीस पडू नये, एवढ्यासाठीच ती सारी खटपट होती.

ही हकिकत १९७४ सालची. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. आलेल्या कथांत 'कृष्णविवर' नावाची एक कथा होती आणि लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी कथा वाचली, त्यांना ती पसंत पडली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. मग उलगडा झाला की, असे कोणी जगताप या भूतलावर नाहीतच! ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलट्या क्रमाने वाचा: ज. वि. ना. म्हणजेच जयंत विष्णु नारळीकर. परीक्षकांपैकी कोणाला अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सबंध कथा पत्नी मंगलाताई यांनी आपल्या हाताने उतरून काढली होती.

आता ही उठाठेव कशासाठी, असे वाचकांना वाटेल. नारळीकर त्या वेळी पस्तिशीच्या घरातले होते. केंब्रिजचे रँग्लर, फ्रेड हॉईल या जगद्विख्यात शास्त्रज्ञाचे सहकारी, आणि सव्विसाव्या वर्षीच, १९६५ साली, पद्मभूषण झालेले. त्यांनी नावानिशी एखादी रटाळ गोष्ट पाठवली असती तरी तिला नाही म्हणण्याची छाती किती परीक्षकांना झाली असती? नेमकी हीच भीती नारळीकरांना होती. बक्षीस गोष्टीला मिळाले की नावाला, हे कळायचे तर नाव झाकायलाच हवे. औषधाची परीक्षा घेताना खरी गोळी कोणती आणि नुसती साखरेची कोणती हे रोग्याला सांगत नाहीत, आणि पुष्कळदा ती देणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसते. त्यातलाच हा प्रकार. कथालेखक म्हणून टाकलेले पहिले पाऊलसुद्धा या माणसाने प्रयोगशाळेच्या शिस्तीने टाकले.

नारळीकरांच्या कथा वाचताना आणि त्यांचे चरित्र चाळताना मला सारखे जाणवत आले आहे की, ही 'नाव झाकून पाहा' वृत्ती त्या एका स्पर्धेपुरती नव्हती. ती त्यांच्या साऱ्या आयुष्यातून दोऱ्यासारखी ओवलेली दिसते. तो दोरा धरूनच आपण या माणसाची ओळख करून घेऊ.

भिंतीवरचा फळा

जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. पण बाळपण गेले काशीला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे केंब्रिजला शिकून आलेले गणिती, बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. म्हणजे घरात एका बाजूला आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद आणि दुसऱ्या बाजूला कालिदास. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि पुढे शिक्षणासाठी इंग्रजी अशा तीन भाषांच्या पंगतीत हा मुलगा वाढला. पुढे ज्याने मराठी विज्ञानकथेला मानाचे पान मिळवून दिले, तो महाराष्ट्रातल्या शाळेत मराठीचे धडे गिरवून तयार झालेला नव्हता, ही गोष्ट आपण महाराष्ट्रातल्या मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यांच्या घरी मोरेश्वर हुजूरबाजार हे मामा शिकण्यासाठी येऊन राहिले. मोरूमामा स्वतः गणिताचे पक्के. मुलांसाठी भिंतीवर काळे फळे लावलेले होते. मामा त्यावर एखादे अवघड गणित लिहून ठेवीत आणि वर मथळा देत की, हे ज. वि. ना. यांना आव्हान! भाच्याने गणित सोडवावे नाहीतर हार कबूल करावी, तोवर फळा पुसायचा नाही.

आपल्या घरांतून मुलांना गणित शिकवण्याच्या नाना तऱ्हा आहेत. कुठे पट्टी असते, कुठे शिकवणी असते, कुठे शेजारच्या मुलाचे मार्क असतात. मोरूमामांनी यांतले काहीच वापरले नाही. त्यांनी फक्त प्रश्न लिहून ठेवला. येता जाता तो मुलाच्या डोळ्यांसमोर यावा, जेवतानाही डोक्यात घोळावा आणि उत्तर सापडल्याचा आनंद ज्याचा त्याला मिळावा, एवढीच व्यवस्था केली. त्या फळ्यावरची 'ज. वि. ना.' ही अक्षरे पुढे उलटी होऊन एका कथेच्या माथ्यावर बसणार होती, हे मामांना तरी कुठे ठाऊक होते?

कादंबऱ्या लिहिणारे गुरू

१९५७ साली नारळीकर टाटा शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेले. रँग्लर झाले, खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक मिळवले आणि संशोधनासाठी फ्रेड हॉईल यांचे शिष्य झाले.

हॉईल ही वल्ली मुलखावेगळी होती. आपल्या शरीरातला कार्बन, श्वासातला ऑक्सिजन, रक्तातले लोह ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात शिजून तयार झाली, हे ज्यांनी जगाला पटवून दिले त्यांत हॉईल अग्रभागी होते. आणि हेच हॉईल फावल्या वेळात विज्ञान कादंबऱ्या लिहीत! त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ मध्येच बाहेर पडली. सूर्याच्या वाटेत येऊन थांबणारा एक प्रचंड काळा ढग आणि तो ढग म्हणजे खुद्द एक बुद्धिमान प्राणी, अशी त्या कादंबरीची कल्पना. मोठ्या शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिल्या म्हणून त्याचे शास्त्र बाटत नाही, याचा जिताजागता दाखला शिष्यासमोर होता.

गुरूंनी शिष्याला पाण्यात ढकलायलाही वेळ लावला नाही. विश्व अनादि आहे आणि ते प्रसरण पावत असता नवे द्रव्य निर्माण होत राहते, असा 'स्थिर स्थिती'चा सिद्धांत हॉईल आणि त्यांच्या दोन मित्रांनी १९४८ साली मांडला होता. १९६१ मध्ये केंब्रिजच्याच मार्टिन राईल यांनी रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्यावर जोरदार हल्ला चढवला. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे त्याला उत्तर द्यायला हॉईल यांच्याऐवजी उभे राहिले ते त्यांचे बावीस वर्षांचे विद्यार्थी नारळीकर. समोर दिग्गज, हाती गणित. मोरूमामांचा फळा इथे कामी आला, असे म्हणायला हरकत नाही.

१९६४ मध्ये गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि नारळीकरांचे नाव घरोघर गेले. त्या सिद्धांताचे सूत्र सोप्या भाषेत सांगायचे तर असे: बस एकदम सुटली की उभा उतारू मागे फेकला जातो, कारण त्याच्या अंगी जडत्व आहे. हे जडत्व त्याचे एकट्याचे नाही, विश्वातल्या दूरदूरच्या साऱ्या द्रव्यामुळे ते त्याला मिळाले आहे. म्हणजे दादरच्या बसमधल्या उताऱ्याचे नाते थेट दूरच्या दीर्घिकांशी! पुढच्याच वर्षी पद्मभूषण आले. पारतंत्र्य संपून जेमतेम सतरा वर्षे झालेल्या देशाला आपला एक मुलगा केंब्रिजमध्ये विश्वाचे कोडे सोडवतो आहे, याचे किती अप्रूप वाटले असेल!

परत, आणि मराठीत

१९६६ साली मंगला राजवाडे यांच्याशी विवाह झाला. मंगलाताई स्वतः गणिताच्या अभ्यासक. संशोधन, अध्यापन आणि गणित सोपे करून सांगणारी पुस्तके असा त्यांचा स्वतंत्र व्याप होता. जुलै २०२३ मध्ये त्या गेल्या. १९७२ साली हे दांपत्य केंब्रिज सोडून मुंबईला आले आणि नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

'कृष्णविवर'चा जन्मही मोठा गमतीदार आहे. अहमदाबादला एका परिसंवादात वक्त्याचे भाषण कंटाळवाणे होऊ लागले, तेव्हा नारळीकरांनी समोरच्या कागदावर ही कथा लिहायला घेतली. कंटाळवाण्या भाषणात आपल्यापैकी कोणी डुलक्या काढतो, कोणी शेजाऱ्याशी कुजबुजतो; वेळेचा इतका चांगला उपयोग केल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या ऐकिवात नाही. कृष्णविवर म्हणजे असा अतिघन पदार्थ की, ज्याच्या ओढीतून प्रकाशाचीही सुटका होत नाही. त्याच्या जवळपास काळाची चाल मंदावते. तिथे थोडा वेळ घालवून परतलेल्या माणसाला घरची मंडळी म्हातारी झालेली आढळतील आणि तो मात्र तरुणच राहील. आपल्या पुराणांत ब्रह्मलोकी जाऊन आलेल्या रैवत राजाची कथा आहे. परत येतो तो पृथ्वीवर युगे लोटलेली. फरक इतकाच की, पुराणातल्या गोष्टीला वर होता आणि या गोष्टीला आइन्स्टाइनचे समीकरण आहे.

मराठीत विज्ञानकथा त्यापूर्वी नव्हती असे नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी मुलांना मराठीतून घडवल्या होत्या. भालबा केळकरांसारखे लेखक होते. परंतु पुष्कळ वाचकांना हा प्रकार पोराटोरांचा किंवा इंग्रजीतून उसना आणलेला वाटे. नारळीकरांच्या कथा मासिकांतून येऊ लागल्या, १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह निघाला आणि दिवाणखान्यातल्या वडीलधाऱ्यांनीही ही पुस्तके हातात घेतली. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या वाटेची दखल घेतली. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी या वाटेवर चांगली वर्दळ सुरू झाली.

पानिपत जिंकले असते तर?

नारळीकरांची खुबी अशी की, त्यांचे नायक बॉब आणि जॅक नव्हते. त्यांच्या गोष्टीत क्रिकेट होते, गणपती होता, पेशवाई होती.

'उजव्या सोंडेचा गणपती' हीच कथा घ्या. उजव्या हाताचा गोलंदाज एकाएकी डाव्या हाताने गोलंदाजी करू लागतो आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. भाविक याला चमत्कार म्हणतील. कथेतले उत्तर मात्र आपण घरी कागदावर ताडून पाहू शकतो. कागदाची एक लांब पट्टी घ्या, तिला मध्ये अर्धा पीळ द्या आणि टोके चिकटवा. तिला म्हणतात मोबियसची पट्टी. आता एका पातळ कागदाचा उजवा पंजा कापून तो या पट्टीवरून सरकवत एक पुरता फेरा मारा. मुक्कामी परत आल्यावर तो डावा झालेला दिसेल! आपले अवकाशच कुठे असे पिळलेले असले आणि माणूस त्यातून फेरी मारून आला, तर? दिवाळीच्या सुटीत मुले घरात धुमाकूळ घालत असतील तेव्हा आकाशकंदिलाच्या उरलेल्या कागदाचा हा खेळ अवश्य करून पाहा. आमच्याकडे तो केला तेव्हा मुलांपेक्षा आजोबाच त्यात जास्त रमले.

पण माझी सर्वांत आवडती कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक आणि सभांचे अध्यक्षपद भूषवण्याचे व्यसनी. 'पानिपतचे युद्ध मराठ्यांनी जिंकले असते तर?' हा प्रश्न डोक्यात घोळत असता ते पुण्याहून मुंबईला निघतात आणि पोहोचतात ते भलत्याच मुंबईत. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून शाबूत आहे, पण तिचा अंमल उरला आहे तो मुंबईसारख्या ठिकाणापुरता. बाकी देशाचा इतिहास मराठ्यांच्या विजयातून घडला आहे. गंगाधरपंत ग्रंथालयात धाव घेतात. पुस्तकांत शोधता शोधता त्यांना इतिहासाचा सांधा कुठे बदलला ते सापडते. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात चाटून गेली होती!

आपल्याकडे 'पानिपत झाले' हा वाक्प्रचारच होऊन बसला आहे. अडीचशेहून अधिक वर्षे आपण त्या एका दिवसाचे दुःख करतो आहोत. त्या दुःखाशी नारळीकरांनी काय केले? त्यांनी ना नक्राश्रू ढाळले, ना पोवाडा गायला. त्यांनी विचारले की, एक गोळी तसूभर इकडे की तिकडे, एवढ्यावर राष्ट्राचे नशीब बदलू शकते का? सूक्ष्म कणांच्या जगात एकाच क्षणी अनेक शक्यता असतात, असे पुंजयांत्रिकी सांगते. मग इतिहासालाही अशा फांद्या असतील का? मराठी माणसाच्या मर्मावर बोट ठेवून त्याला आधुनिक भौतिकशास्त्रातला सर्वांत गहन प्रश्न विचारायला लावणे, ही किमया साध्या भाषांतराने झाली नसती. ही कथा पुढे इंग्रजीतून देशभरच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेली, यात आश्चर्य नाही.

गोष्टीत गंगाधरपंत शेवटी आझाद मैदानावरच्या एका सभेत शिरतात. तिथे अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून त्यांना राहवत नाही. ते व्यासपीठावर चढतात आणि अध्यक्षीय भाषणांना विटलेले श्रोते त्यांची चांगलीच संभावना करतात. ही रिकामी खुर्ची लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

घरातला धूमकेतू

'धूमकेतू' या कथेतला नायक हौशी आकाशनिरीक्षक आहे, बंगाली आहे. त्याला नवा धूमकेतू सापडतो, त्याचे नाव धूमकेतूला मिळते. त्याची पत्नी मात्र धास्तावते, कारण धूमकेतू म्हणजे अपशकुन. पुढे शास्त्रज्ञांच्या ध्यानात येते की, हा धूमकेतू खरोखरच पृथ्वीवर आदळण्याचा संभव आहे. गुप्त बैठका होतात, अण्वस्त्रांच्या साहाय्याने त्याला वाटेवरून ढळवण्याची योजना आखली जाते. आणि इकडे नायकाच्याच घरी शांतीसाठी यज्ञ मांडला जातो! संकट टळते. श्रेय कोणाला? घरच्या मंडळींच्या मते यज्ञाला.

ही कथा वाचून मी पुष्कळ वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. अंधश्रद्धेवर कोरडे ओढणारे लेख आपण पुष्कळ वाचतो. ते वाचताना वाटते, हे सारे त्या अडाणी लोकांबद्दल आहे. नारळीकरांनी अंधश्रद्धा रानातल्या पाड्यावर दाखवली नाही. ती शिकल्यासवरल्या माणसाच्या माजघरात दाखवली. आपल्या घरांत काय वेगळे असते? मुलगा इंजिनिअर, सून डॉक्टर, आणि पत्रिका जुळली नाही म्हणून उत्तम स्थळ परत. दूरदर्शन संचावर उपग्रहाचे उड्डाण पाहायचे आणि राहुकाल टळल्यावर घराबाहेर पडायचे.

मग नारळीकरांनी गोष्टीबाहेरही या प्रश्नाला हात घातला, आणि तोही आपल्या जुन्याच पद्धतीने, नाव झाकून! २००८ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या आणि इतर सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. शंभर हुशार, शंभर गतिमंद. नावे झाकली. ज्योतिष्यांना आवाहन केले की, प्रत्येकी चाळीस पत्रिका घ्या आणि त्यांतला हुशार कोणता, गतिमंद कोणता, एवढेच सांगा. एक्कावन्न जणांनी तयारी दाखवली, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. अठ्ठावीस उत्तरे बरोबर आली तर यश मानायचे, असे ठरले होते. नाणे उडवून सांगितले तरी चाळीसातली वीसेक उत्तरे बरोबर यायचीच. सर्वांत यशस्वी ज्योतिषी चोवीसवर थांबला.

या चाचणीत मला आवडले ते असे की, नारळीकरांनी ज्योतिष्यांची टर उडवली नाही. 'तुमचे म्हणणे खरे असेल, चला, ताडून पाहू' इतकेच ते म्हणाले. परीक्षेला त्यांनी स्वतःची पहिली कथा जशी बसवली होती, तसेच भविष्यालाही बसवले.

अल्पमताचा मानकरी

नारळीकरांच्या कथांत उणे काहीच नव्हते, असे म्हणणे म्हणजे पुन्हा नावालाच बक्षीस देण्यासारखे होईल. त्यांची पात्रे पुष्कळदा पातळ असतात. दोन मित्र बोलू लागले की, त्यांतला एक हळूहळू प्राध्यापक होतो आणि दुसरा विद्यार्थी. मानवी मनाचे तळ ढवळून काढणारे लेखन शोधणाऱ्याने दुसरीकडे जावे. पण कल्पना मात्र अशा की, वर्षे लोटली तरी शिळ्या होत नाहीत. 'वामन परत न आला' या कादंबरीत माणसाने घडवलेल्या यंत्रमानवाला आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव निर्माण करण्याची ओढ लागते. आज कृत्रिम बुद्धीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरत असताना ती कादंबरी पुन्हा काढून वाचा, आणि मग झोप लागते का पाहा.

शास्त्रातही त्यांची वाट सोपी नव्हती. १९६५ मध्ये अवकाशातून सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि महास्फोटातून विश्व जन्मले, या मताकडे बहुतेक शास्त्रज्ञ झुकले. आज तेच मत सर्वत्र शिकवले जाते. नारळीकर अखेरपर्यंत त्याला पुरते राजी झाले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. बहुमत त्यांच्या बाजूने वळले नाही. हॉईल यांचाच दुसरा एक मुलखावेगळा विचार होता, जीवसृष्टीचे बीज अंतराळातून आले असावे हा. तो ताडून पाहण्यासाठी हैद्राबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा गोळा करण्यात आली. तिथे सूक्ष्मजीव आढळले. २००५ च्या उड्डाणातून मिळालेल्या एका नव्या जिवाणूला हॉईल यांचे नाव देण्यात आले. ते अंतराळातून आले की पृथ्वीवरून वर गेले, याचा निवाडा मात्र झालेला नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या बुद्धीचा माणूस हरलेली बाजू धरून का बसला? मला वाटते, याचे उत्तर त्या झाकलेल्या नावातच आहे. एखादे मत थोरांचे आहे म्हणून ते खरे नव्हे, तसेच ते पुष्कळांचे आहे म्हणूनही खरे नव्हे. पुरावा तपासायचा आणि शंका शिल्लक असेल तर ती बोलून दाखवायची. त्यांची शंका चुकीची ठरली तरी ती विचारण्याचा हक्क चुकीचा ठरत नाही.

रिकामी खुर्ची आणि पोस्टकार्ड

१९८८ मध्ये पुण्याला विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक नारळीकर. २००३ पर्यंत त्यांनी ती वाढवली. देशभरच्या विद्यापीठांतल्या अध्यापकांना तिचे दार खुले झाले आणि शाळकरी मुलांनाही. शनिवारी मुलांसाठी व्याख्याने होत. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून तिथे मुलांची विज्ञान शोधिका उभी राहिली. तिच्या वास्तूचे नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला तारा आणि पु. ल. दोन्ही एका शब्दात!

मानसन्मान येतच राहिले. १९९६ मध्ये युनेस्कोचे कलिंग पारितोषिक, २००४ मध्ये पद्मविभूषण, आणि २०१४ मध्ये 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. मग २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद चालून आले. विज्ञानकथा ही साहित्याच्या ओसरीवर बसणारी पाहुणी नसून घरातलीच आहे, यावर शिक्कामोर्तब झाले. पण नियतीची गंमत पाहा. प्रकृतीमुळे नारळीकर संमेलनाला जाऊ शकले नाहीत. भाषण श्रोत्यांपर्यंत पोहोचले, खुर्ची मात्र रिकामीच राहिली. गंगाधरपंतांना जी खुर्ची पाहून राहवले नाही, ती त्यांच्या जनकाला मिळाली आणि तो तिच्यावर बसलाच नाही! गंगाधरपंत असते तर त्यांनी हळहळून हात चोळले असते. नारळीकरांना मात्र यातला विनोद सर्वांच्या आधी कळला असावा, असे मला वाटते.

२० मे २०२५ रोजी पुण्याला, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ते गेले.

त्यांच्या एका सवयीविषयी सांगितल्याशिवाय ही ओळख पुरी होणार नाही. व्याख्यान संपले की, मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करीत. नारळीकर मुलांना सांगत की, अशी सही मिळणार नाही. घरी जा, एका पोस्टकार्डावर मला एखादा प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. आणि ते खरोखरच उत्तरे पाठवीत. नावाला किंमत होती ती प्रश्नाच्या उत्तराखाली, एरवी नाही.

आज पोस्टकार्ड दुर्मीळ झाले आहे आणि उत्तर पाठवणारेही राहिले नाहीत. प्रश्न मात्र मुलांकडे अजून पुष्कळ आहेत. यंदा फराळाच्या ताटाभोवती एखाद्या पोराने 'हे कशावरून?' असे विचारलेच, तर त्याला 'गप्प बस, मोठ्यांनी सांगितलंय' असे म्हणू नका. उत्तर येत असेल तर द्या. येत नसेल तर भिंतीवर कुठेतरी तो प्रश्न लिहून ठेवा. आणि उत्तर सापडेपर्यंत फळा पुसू नका.